टिकली नसलेली फणी

सावद्याच्या पॅकहाऊसमधल्या त्या यंत्राचं खरं नाव ‘सूत्र’. ते नाव पुण्याच्या कंपनीनं दिलेलं, आणि ते पुण्यातच राहिलं. सावद्यात सगळे त्याला सासूबाई म्हणत, कारण सासूबाईंसारखं त्याला प्रत्येक गोष्ट विचारायची असे. घड कुणी कापला? ऊन लागलं का? गाडी बऱ्हाणपुराला कशाला थांबली? चहा प्यायला इतका वेळ लागतो का?

अशा या सासूबाईंनी एक दिवस चोरी पकडली.

कुमुद झांबरे तेव्हा पॅकहाऊसच्या ओट्यावर उभी होती. आजूबाजूच्या केळीवाल्यांनी मिळून काढलेल्या कंपनीची ती प्रमुख. तिची स्वतःचीही केळीची बाग होती, पण तिचा जीव बागेपेक्षा या यंत्रात जास्त रमायचा. लहानपणी घरातलं भिंतीवरचं घड्याळ उघडून बसणारी मुलगी होती ती. घड्याळ पुन्हा चाललं नाही, पण ते का चालत होतं हे तिला कळलं, आणि मार खाऊनही ती खूश होती.

पडद्यावर लाल अक्षरं उमटली होती. ‘गळती. नव्या बागेची पहिली कापणी इंदूरला गेली की केळ्यांची एक फणी नाहीशी होते.’

गाडी सुभान तडवीची. गाड्या आता विजेवर धावत आणि हमरस्त्याला लागल्या की आपल्या आपण चालत, तरी कायद्यानं आत एक माणूस लागायचाच. कुमुदनं त्याला बोलावून घेतलं.

“सुभानभाऊ, इंदूरला पोचेपर्यंत फणी तिच्यावरच्या टिकलीतून यंत्राशी बोलते, मग एकदम गप्प होते. जाते कुठं?”

“पिकवण केंद्रातल्या दिनकरभाऊच्या घरी. आणखी कुठं जाईल?” सुभान म्हणाला. “शालूवहिनी टिकली काढून केरात टाकते, म्हणून गप्प होते.”

“आणि हे तुम्ही मला तोंडावर सांगता?”

“मग पाठीमागं सांगू? वानवळा आहे ताई तो. नव्या बागेची पहिली कापणी झाली की एक फणी वाटेवरच्या माणसाला. माझा बाप बैलगाडीत घड घालून स्टेशनावर न्यायचा, तेव्हाही मास्तरच्या घरी फणी जायची. तुम्ही मला चोर म्हणू राहिल्या का?”

“मी नाही म्हणत. करार म्हणतो. गळती शून्य पाहिजे.”

“वानवळ्याला गळती म्हणायला कुणी शिकवलं? तुमच्या सासूबाईनं?”

ओट्यावर फण्या धुणाऱ्या बायका फिसकन हसल्या. कुमुदलाही हसू येत होतं, पण तिनं ते गिळलं. “आजपासून बंद, भाऊ. एकाला सोडलं की सगळे सुरू होतील.”

सुभाननं खिशातून गाडीचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. “मग इंदूरला दुसरा माणूस पाठवा. ज्या दारात इतकी वर्षं भाकरी खाल्ली, तिथं रिकाम्या हातानं मी जाणार नाही.”

“अहो, गाडी तर आपली आपण चालते. तुम्ही नुसते बसलेले असता!”

“मग नुसतं बसायलाच दुसरा बघा,” असं म्हणून तो चालता झाला.

कुमुद इतकी ताठ का राहिली, ते समजायचं तर आधीचे दिवस आठवायला हवेत.

आसूड ओढणाऱ्याचा हात जरासा हलतो, पण टोक कडाडतं. केळीचा धंदा तसाच होता. भोपाळच्या एखाद्या दुकानात उपासाच्या दिवशी चार डझन केळी जास्त खपत. दुकानदार पुढच्या वेळी थोडी जास्त मागवी. त्याचा व्यापारी त्यात ‘असू दे’ म्हणून आणखी भर घाली, आडत्या आणखी. सावद्याला मागणी पोचेपर्यंत अशी हवा व्हायची की अर्धा तालुका केळी कापत सुटे. माल तिकडे जाऊन पडे, आठ दिवसांत मागणी आपटे आणि इकडे गुरांपुढे केळी टाकायची वेळ येई. यात कुणी एकटा खोटं बोलत नव्हता. पुढच्या माणसाच्या घरात काय चाललंय ते न दिसल्यामुळं प्रत्येक जण थोडंसं लपवी आणि थोडंसं वाढवी.

सूत्रानं ही मधली दारं उघडली. प्रत्येक फणीला कागदाइतकी पातळ, कपाळावरच्या टिकलीएवढी चकती लावली जाई. ती वास घेई. केळं झाडावरून उतरलं तरी ते जिवंतच असतं. ते श्वास घेतं, आणि पिकायची वेळ आली की इथिलीन नावाचा वायू सोडतं. आपल्या नाकाला तो कळत नाही, पण शेजारच्या केळ्याला कळतो. एकानं सोडला की दुसरं जागं होतं. कच्च्या आंब्यांच्या अढीत एक पिकलेला ठेवतात, तो याचसाठी. टिकली हा वायू ओळखी आणि फणीची हालहवाल कळवी. बागवाला, गाडीवाला, कच्च्या मालाला हाच वायू देऊन पिवळं करणारं इंदूरचं पिकवण केंद्र, दुकानं, सगळ्यांना सगळ्यांचा माल दिसे. कुणी लपवायचं नाही, कुणी वाढवायचं नाही.

याच जोरावर सावद्याच्या केळीनं इंदूरपासून ग्वाल्हेरपर्यंतच्या एका मोठ्या दुकानसाखळीत जागा मिळवली होती. दक्षिणेकडच्या एका बड्या कंपनीचा माल स्वस्त होता, पण सावद्याचा माल ज्या दिवशी पाहिजे त्याच दिवशी पिवळा होऊन फळीवर बसे. ती फळी गेली की पुन्हा तो आसूड सुरू. म्हणून कुमुद ताठ राहिली. आणि सुभान गेल्यावर पडद्यावर गळतीपुढं शून्य आलं, तेव्हा आपण बरोबर केलं असंच तिला वाटलं.

थंडी पडली. त्या वर्षी ती जरा जास्तच पडली.

मग भोपाळहून सक्सेनासाहेबांचा फोन आला. दुकानांसाठी फळं खरेदी करणारा माणूस, बोलणं मऊ, हिशोब कडक.

“कुमुदजी, माल वरून सोन्यासारखा आणि आत दगड. लोक अर्धं खाल्लेलं केळं आणून गल्ल्यावर ठेवतात. काय करू मी?”

“एखाद्या गाडीला झालं असेल, साहेब.”

“एखाद्या गाडीला झालं असतं तर मी फोन केला नसता. महाशिवरात्रीला केळी सगळ्यात जास्त खपते. त्या वेळचा माल बघतो आणि ठरवतो फळी कुणाची ते.”

कुमुदनं सगळ्या टिकल्या तपासल्या. सगळ्या ठीक. गाड्यांची थंडाई ठीक. पिकवण केंद्राकडून रोज येणारा अहवाल उघडला, त्यातही ओळीनं ‘ठीक, ठीक, ठीक’. सगळं ठीक आणि केळं मात्र दगड! तिला भीती वाटली हे खरं, पण भीतीच्या आत जुनी खाज सुटली होती. घड्याळ उघडून बघायची खाज.

तिनं ऋजुताला बोलावलं. ऋजुता तिच्या बहिणीची मुलगी. पुण्यात सूत्र घडवणाऱ्यांत ती होती, आणि आपल्या यंत्राला सासूबाई म्हणतात हे तिला मनापासून आवडायचं.

“मावशी, एक विचारू? टिकलीला काय कळतं?” चहा ढवळत ऋजुता म्हणाली.

“फणी कशी आहे ते.”

“आज कशी आहे ते. पिकायला घातल्यावर ती कशी वागेल, ते टिकलीला कळत नाही. ऐन थंडीत भरत गेलेल्या केळीचा गर वेगळा बसतो. तिला सावकाश पिकवावं लागतं, वायू कमी आणि वेळ जास्त. बाहेरून वास घेऊन हे सांगताच येत नाही.”

“मग गेल्या थंडीत कसं जमलं?”

ऋजुतानं चमचा खाली ठेवला. “तेच मला कळत नाहीये.”

दोघी पडद्याला चिकटल्या. गेल्या थंडीतल्या मालाच्या नोंदी काढल्या, एकेका बागेचा माग काढत गेल्या. दुपारी बायकांनी भरीत-भाकरी आणून ठेवली, ती तशीच निवली. अखेर ऋजुतानंच एका जागी बोट ठेवलं. इंदूरच्या केंद्रात प्रत्येक बागेच्या मालासाठी कुणीतरी हातानं खुंटी पिरगाळल्यासारखा थोडासा फरक करत होतं. या बागेला वायू जरा कमी, त्या बागेला ऊब जरा जास्त. पहिल्या कापणीला फरक नसे, दुसरीपासून तो दिसे. आणि सूत्र तो फरक बघून शिकत होतं.

“म्हणजे सासूबाई शहाण्या नव्हत्याच,” कुमुद हळूच म्हणाली. “त्या दिनकरभाऊंची नक्कल करत होत्या.”

“आणि या हिवाळ्यात त्यांनी एकदाही हात लावलेला नाही. ते म्हणाले असतील, यंत्र बघेल. यंत्र म्हणालं, दिनकर बघेल. आंधळ्याच्या खांद्यावर आंधळ्याचा हात!”

कुमुदनं लगेच इंदूरला फोन लावला. दिनकर शिंत्रे, पिकवण केंद्राचा रखवालदार म्हणा, स्वयंपाकी म्हणा, अस्सल इंदुरी मराठी माणूस.

“दिनकरभाऊ, तुम्ही बागेबागेला वेगळा वायू द्यायचात. कशावरून ठरवायचात?”

“अब काय सांगू ताई! फणी यायची ना. शालू ती स्वैपाकघरात खुंटीला टांगायची, बाजूला एक पिकलेलं केळं. आठ दिवसांत कळायचं, बाग सरळ आहे का हट्टी. मग त्या बागेचा पुढचा माल आला की मी तसा हात फिरवायचो. फणी बंद झाली, मी काय बघू? शालू रुसून बसलीय ते वेगळंच.”

“मग रोजच्या अहवालात ‘ठीक’ कसं लिहिता?”

“अहवालात बागेचं नाव असतं, ताई. ‘खराब’ लिहिलं की त्या गरिबाची चौकशी सुरू. कोण पाप घेईल? शालू परतीचा डबा भरून देताना सुभानला सांगायची, अमक्या बागेला म्हणावं थोडं थांबून कापा. काम व्हायचं, नाव खराब नाही व्हायचं.”

फोन ठेवल्यावर ऋजुता उत्साहानं उठून उभी राहिली. “सापडलं! मावशी, सोपं आहे. सूत्रात नवा रकाना घालू. नमुना फणी. प्रत्येक पहिल्या कापणीतून एक, वजन करून, टिकली लावून दिनकरकाकांना पाठवायची. आठव्या दिवशी त्यांनी निकाल भरायचा.”

“निकाल काय भरतील?”

ऋजुतानं पडद्यावर उघड्या असलेल्या रोजच्या अहवालाकडे पाहिलं.

“ठीक,” कुमुदच म्हणाली. “ठीक, ठीक, ठीक.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमुद सुभानच्या घरी गेली. सातपुड्याच्या पायथ्याशी तडव्यांची वस्ती, अंगणात बोरीचं झाड. सुभान बाजेवर बसून दोरी वळत होता. कुमुदनं पदराखालून तांदळाच्या बिबड्या-पापडांची पिशवी काढून त्याच्या बायकोच्या हातात दिली. सुभान तिरक्या नजरेनं बघत होता.

“ही गळती कुणाच्या नावावर टाकू, ताई?”

“माझ्या.”

“सासूबाईला सांगून आल्या का चोरून?”

“चोरून. पण भाऊ, मी बिबड्या घेऊन आले ते तुमची समजूत काढायला नाही. मला तुमच्याबरोबर इंदूरला यायचंय. ती खुंटी मला बघायचीय.”

“खुंटीत काय बघायचं असतं?” सुभान खो खो हसला, आणि त्या हसण्यातच त्याचा राग विरला. “चला. पण हातात काही घेऊन चला. मी रिकामा जाणार नाही म्हटलं ते म्हटलं.”

घ्यायचं काय, हाच प्रश्न होता. करारानं कंपनीच्या मालाला टिकली हवी आणि टिकलीवाली फणी कुठं गेली ते सांगायला हवं. गाडीजवळ उभ्या उभ्या कुमुदला उत्तर सुचलं. माल कंपनीचा कधी होतो? बागवाला कंपनीला देतो तेव्हा. मग त्यानं पहिला घड कंपनीला दिलाच नाही तर? तो घरचाच ठेवला तर? घरचा घड साखळीत आलाच नाही, मग गळेल कुठून?

मनात आलं तसं तिनं सक्सेनासाहेबांना कळवूनही टाकलं. लपवालपवीतून आसूड कसा तयार होतो, ते तिनं आयुष्यभर पाहिलं होतं. फोनवर तिनं सगळं सांगितलं, खुंटीसकट.

सक्सेनासाहेबांनी उलट विचारलं, “कुमुदजी, माझ्या वरिष्ठांना मी काय सांगू? आमचा माल शालिनीबाईंच्या खुंटीवर चालतो?”

“जे खरं आहे ते सांगा.”

“ते ऐकून फळी आजच काढून घेतील.” मग त्यांचा आवाज जरा बदलला. “बागवाल्याच्या घरच्या घडाशी आमचा संबंध नाही. ड्रायव्हरच्या डब्यात काय असतं तेही आम्ही बघत नाही. आम्ही केळं बघतो. महाशिवरात्रीला बघू.”

कुमुदच्या बागेतल्या नव्या लावणीची पहिली कापणी त्याच दिवशी झाली होती. तिनं स्वतःच्या पहिल्या घडाची एक फणी टिकली न लावता केळीच्या पानात गुंडाळली. आणखी चार नव्या बागांच्या फण्या आल्या. सुभाननं त्या आपल्या सीटमागं टांगल्या, आणि गाडी बऱ्हाणपूरच्या रस्त्याला लागली.

शालिनीवहिनींनी दार उघडलं, सुभानला पाहिलं आणि आधी फण्याच हातात घेतल्या. “आलात का! मी म्हटलं, सावदा नकाशावरून पुसलं बहुतेक.” मग कुमुदकडे वळून म्हणाल्या, “तुम्हीच का त्या फणी बंद करणाऱ्या?”

“मीच.”

“बसा. पोहे खाऊन जा. भांडण पोटभर खाऊन करावं.”

भांडण झालंच नाही. स्वयंपाकघरात खरंच खुंट्यांची एक रांग होती. कुमुदनं त्या डोळे भरून पाहिल्या. शालिनीवहिनींना इथिलीन हा शब्द माहीत नव्हता आणि दिनकरला नुसत्या नजरेनं बाग कळत नव्हती. फणी खुंटीवर आठ दिवस राहायची, पोरंबाळं ती खायची, कुणी नाक मुरडायचं, कुणी आणखी एक मागायचं. आणि त्या मागण्या-मुरडण्यातलं सगळं शहाणपण दिनकरच्या हातातून यंत्रात उतरायचं. कुणालाच पत्ता नाही, यंत्रालाही नाही!

“वहिनी, हे लिहून द्यायला सांगितलं असतं तर तुम्ही दिलं असतं का?”

“लिहून? ते तर कामवाल्यासारखं झालं. कुणी प्रेमानं पाठवलेलं खाऊन त्याला मार्क कसे देऊ? पण तोंडानं सांगते ना. घरच्याला सांगतोच की आपण.”

महाशिवरात्र जवळ आली. सावद्यात तयारीची धांदल उडाली. मोठ्या गाडीसाठी सासूबाईंनी बागा निवडल्या, आणि त्या यादीत सगळ्यात वर होती झांबरेंची बाग. घड भरलेले, पहिल्या कापणीच्या टिकल्या ठीक, वास ठीक. कुमुदच्या सासऱ्यांपासून चालत आलेली, पंचक्रोशीत नावाजलेली बाग. कापणीची माणसं विळे घेऊन पॅकहाऊसच्या अंगणातून बागेकडे निघायची तेवढी बाकी होती.

तेवढ्यात सुभानची गाडी पॅकहाऊसच्या फाटकातून आत आली. तो उतरला, आणि त्यानं स्टीलचा डबा कुमुदसमोर ठेवला. फणी ज्या घरात जाते तिथून डबा कधी रिकामा परत येत नाही. आत इंदुरी शेव होती, लवंगेच्या वासाची.

“निरोप आहे,” सुभान म्हणाला.

“बोला की.”

“शालूवहिनी म्हणाली, बाकीच्या चार बागा सरळ आहेत, दिनकरभाऊ हात फिरवून घेतील.” त्यानं मान खाजवली. “पाचवी हट्टी आहे. खुंटीवर पिवळी झाली, पण आत दगड. पोरांनी अर्धी टाकली. म्हणाली, ताईला म्हणावं राग नको मानू, पण तुझी बाग महाशिवरात्रीला नको कापू. थोडं ऊन खाऊ दे तिला.”

ओट्यावरच्या बायकांनी माना वळवल्या. ऋजुता मावशीच्या तोंडाकडे बघत राहिली. कंपनीच्या प्रमुखाची बाग नापास, आणि तेही सगळ्यांदेखत. कुठल्याही अहवालात हे कुणी लिहिलं नसतं. लिहिलं असतं तर कुमुदनं टिकलीचा दाखला काढून ते खोटं पाडलं असतं.

कुमुदनं डब्यातली शेव चिमटीत घेतली, तोंडात टाकली, सावकाश चावली. मग कापणीच्या माणसांकडे तोंड करून ओरडली, “अरे, विळे खाली ठेवा! माझी बाग राहू द्या. वायकोळेंच्या बागेत चला.”

“माझी?” चार सरळ बागांपैकी एकीचे मालक वायकोळे पलीकडून गडबडले. “ताई, तुमचा नंबर वर होता.”

“होता. आता तुमचा आहे. पळा!”

गाडी भरली, गेली. दिनकरनं केंद्राच्या दाराशी उभं राहून बागेबागेला हात फिरवला. महाशिवरात्र झाल्यावर सक्सेनासाहेबांचा फोन आला तो एवढाच, “कुमुदजी, गल्ल्यावर एकही अर्धं केळं आलं नाही. फळी तुमची. आणि ते खुंटीचं मी ऐकलेलं नाही.”

पण ते नंतर. त्या दुपारी गाडी फाटकाबाहेर पडल्याबरोबर पडदा लाल झाला. सासूबाई चौकशीला हजर होत्या.

‘झांबरे बाग. माल तयार असताना कापणी थांबवली. कारण नोंदवा.’

ऋजुता कळफलकावर बोटं ठेवून बसली. “मावशी, काय लिहू? रोग? पाऊस? मजूर आले नाहीत? हिला कारण लागतंच.”

कुमुद डब्याकडे बघत होती. आता या डब्यात काय भरून पाठवायचं, हा विचार तिच्या डोक्यात चालला होता. रिकामा पाठवून चालणार नव्हतं.

“लिही,” ती म्हणाली, “माहेरून निरोप आला.”